नाव बदललेल्या ट्रान्स संशोधकांचा संदर्भ कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठीतून एमए, पीएचडी करणाऱ्या किंवा सेमिनारला पेपर वाचणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, मुलांच्या संदर्भसूच्या तपासून देणं हे माझं रोजचं काम, आणि हल्ली हा प्रश्न बराच येतो की मॅडम पेपरवर एक नाव छापलंय आणि त्याच व्यक्तीचं आताचं नाव वेगळं आहे, मग लिहू काय. उत्तर अवघड नाहीये, पण मराठीत कोणी ते नीट बसून सांगत नाही, मग मुलं घाबरून जे छापलंय तेच उतरवतात.

थोडक्यात सांगा, करायचं काय?

ती व्यक्ती आज जे नाव वापरते ते लिहायचं. जुन्या पेपरलाही तेच, नव्यालाही तेच. मजकुरात, तळटिपेत, संदर्भसूचीत, पीपीटीच्या स्लाइडवर, ऋणनिर्देशात, सगळीकडे तेच. आणि पुढे कंसात "पूर्वीचे नाव अमुक" असं जोडायचं नाही. खाली जे काय आहे ते सगळं याच्याच अडचणी आणि फाटे आहेत.

पण पेपरवर जुनंच नाव आहे ना? मग आपण खोटं लिहितोय असं नाही का होत?

नाही होत. वाचकाला तो पेपर सापडला पाहिजे आणि ज्याने काम केलंय त्याला श्रेय मिळालं पाहिजे, संदर्भ द्यायचा तो एवढ्यासाठीच. पेपर सापडतो तो शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, पानं आणि डीओआय यावरून. डीओआय तर असा नंबर आहे की तो टाकला की थेट त्याच लेखावर जाता, लेखकाचं नाव काहीही असो. राहिलं श्रेय, ते माणसाला द्यायचं असतं, आणि तो माणूस आज ज्या नावाने जगतोय त्याच नावाने ते पोचतं.

आणि आपल्याला ही सवय नाहीये असं अजिबात नाही. गोवा विद्यापीठाच्या भाषा महाशाळेलाच शणै गोंयबाब यांचं नाव आहे, तिथे कोणी अडून बसतं का की वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर असंच लिहा? कुसुमाग्रज, बालकवी, ग्रेस, कोणाच्याच बाबतीत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका तर घरोघरी आहेत, आपल्याकडे कितीतरी घरांत पहिलं नावसुद्धा बदलायचे, आणि त्यातल्या कित्येकींनी दोन्ही नावांनी लिहिलंय. नाव बदलतं म्हणून ज्ञानव्यवहार बंद पडला नाही. ट्रान्स माणसाचं नाव आलं की तेवढ्यापुरती सगळ्यांना एकदम काटेकोरपणाची आठवण होते, हे मला बरोबर वाटत नाही.

डेडनेम म्हणतात ते हेच का?

हो. जन्माच्या वेळी ठेवलेलं आणि ट्रान्झिशन करताना, म्हणजे स्वतःच्या खऱ्या लिंगओळखीप्रमाणे जगायला लागताना, त्या व्यक्तीने सोडून दिलेलं नाव. मराठीत बोलताना "जुनं नाव" म्हटलं तरी चालतं, मी खाली तसंच म्हणणार आहे.

आमच्याकडे एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं असतात, लायब्ररी त्यात "हेही पाहा" अशी नोंद करते. मग इथेच का नाही करायची?

हा प्रश्न गोव्यातलाच माणूस विचारू शकतो आणि चांगला प्रश्न आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत शेणवीचं सिनाय होतं, प्रभूचं पोरोबो होतं, आज तीच घराणी वेगळ्या तऱ्हेने नाव लिहितात. तिथे आम्ही एका नोंदीवरून दुसरीकडे बोट दाखवतो, कारण त्यात कोणाचं काही उघडं पडत नाही, उलट संशोधकाचा वेळ वाचतो. इथे मात्र ती एक ओळ छापली की ही व्यक्ती ट्रान्स आहे हे जगाला कळतं, आणि ते आपण सांगितलेलं असतं, तिने नाही. स्पेलिंगचा फरक ही माहिती आहे, हे त्या माणसाचं खासगी आयुष्य आहे. म्हणून क्रॉस रेफरन्स नाही. लायब्ररीच्या आतल्या नोंदीत, वाचकाला न दिसेल अशा ठिकाणी, दोन्ही जोडून ठेवता येतात म्हणजे शोध अडत नाही, पण ते आमचं काम, तुमच्या प्रबंधात ते यायची गरज नाही.

जुनं नाव आलं तर एवढं काय बिघडतं?

बिघडतं. दोन माणसांचं सांगते, दोघांनीही स्वतःबद्दल उघडपणे बोलून ठेवलंय म्हणून सांगते.

लिन कॉनवे या अमेरिकेतल्या कॉम्प्युटर इंजिनिअर. साठच्या दशकात आयबीएममध्ये होत्या, प्रोसेसरने एका वेळी अनेक सूचना क्रम बदलून कशा पार पाडायच्या यावर त्यांनी तिथे फार मोलाचं काम केलं. १९६८ मध्ये त्या ट्रान्झिशन करणार हे कळल्यावर कंपनीने त्यांना काढून टाकलं. मग नव्या नावाने अगदी खालून, साध्या प्रोग्रामरच्या कामापासून पुन्हा सुरुवात. पुढे चिप डिझाइनमध्ये त्यांनी जे केलं ते जगभर शिकवलं गेलं, कार्व्हर मीड यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक १९८० चं. पण आयबीएममधलं ते आधीचं काम? ते आपलं आहे असं त्यांना तीसएक वर्षं म्हणताच आलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर जुनं नाव बाहेर आलं असतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटरच्या इतिहासावर काम करणारे लोक त्या जुन्या प्रोजेक्टबद्दल शोधायला लागले तेव्हा कुठे त्यांनी स्वतःची गोष्ट मोकळेपणाने सांगितली. आयबीएमने माफी मागितली २०२० मध्ये, बावन्न वर्षांनी. २०२४ मध्ये कॉनवे गेल्या. नाव आणि काम यांची फारकत झाली की माणसाची किती वर्षं जातात ते इथे दिसतं.

दुसरे बेन बॅरेस, स्टॅनफर्डमध्ये मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक होते, मेंदूतल्या ग्लिया पेशींवर त्यांचं काम. १९९७ च्या सुमाराला त्यांनी ट्रान्झिशन केलं. त्यानंतर त्यांनी एक भाषण दिलं आणि ऐकणाऱ्यांपैकी एका प्राध्यापकाने म्हटलं की आज बॅरेसचं भाषण फारच छान झालं, पण त्याचं काम त्याच्या बहिणीच्या कामापेक्षा पुष्कळच सरस आहे. बहीण म्हणजे कोण, तर तेच! त्यांचेच जुने पेपर! हे त्यांनी २००६ मध्ये नेचरमधल्या लेखात स्वतः लिहिलंय. एकाच माणसाचं काम दोन नावांखाली पडलं की लोक दोन माणसं समजतात, आणि त्यातल्या बाई समजलेल्या माणसाला कमी लेखतात.

शिवाय सुरक्षिततेची बाजू आहे. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ऑनलाइन ठेवतात त्या साइटवर, गेला की तो सर्चमध्ये कायमचा येत राहतो. घर भाड्याने बघताना, नोकरीच्या इंटरव्ह्यूआधी, लोक नाव टाकून शोधतातच. आणि आपलं गोवा केवढं, म्हापशात बोललेलं संध्याकाळपर्यंत काणकोणला पोचतं, इथे आडनाव आणि गाव सांगितलं की पुढची सगळी वंशावळ समोरचा माणूसच सांगतो. अशा ठिकाणी एका तळटिपेने कोणाचं घरात जगणं अवघड होऊ शकतं.

मला त्यांचं नवं नाव ओळखीतून कळलंय, कुठे छापलेलं नाही. तरी नवंच लिहू?

थांबा. इथे उलट काळजी घ्यायची. काहीजण मित्रमंडळींत एका नावाने असतात आणि कॉलेजात किंवा घरी अजून सांगितलेलं नसतं. तुम्ही उत्साहात नवं नाव छापलंत तर तुम्हीच त्यांना उघडं पाडलंत. त्यांनी ते नाव जाहीरपणे वापरलंय का बघा, म्हणजे विद्यापीठाच्या पानावर, ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या नोंदणीच्या साइटवर, नव्या पेपरवर. नसेल तर विचारल्याशिवाय काही करू नका.

विचारायचं कसं? ऑकवर्ड होतं.

दोन ओळींचा मेल पुरतो. "नमस्कार, तुमच्या अमुक लेखाचा संदर्भ मी माझ्या प्रबंधात देतेय. संदर्भसूचीत तुमचं नाव कसं छापलेलं तुम्हाला हवंय ते कळवाल का?" बस. जुन्या नावाचा त्यात उल्लेख नको, ट्रान्झिशनबद्दल चौकशी नको, "तुम्ही फार धाडसी आहात" वगैरे तर नकोच. हाच मेल तुम्ही लग्नानंतर नाव बदललेल्या एखाद्या बाईंनाही पाठवू शकता, इतका तो साधा असला पाहिजे. उत्तर आलं की ते म्हणतील तसं करा. काहीजण म्हणतात जुन्या पुस्तकावर जुनंच राहू दे, मग तसं. त्यांचं नाव आहे, शेवटचा शब्द त्यांचा.

उत्तरच आलं नाही तर?

जाहीरपणे जे नाव वापरतात ते लिहा. तेही नक्की कळत नसेल तर आडनाव आणि आद्याक्षर.

आद्याक्षराने खरंच काम भागतं?

पुष्कळदा भागतं. अर्थशास्त्रज्ञ डीयर्ड्री मॅक्लॉस्की, जीवशास्त्रज्ञ जोन रफगार्डन आणि वर सांगितलेले बॅरेस, तिघांचंही पहिलं आद्याक्षर ट्रान्झिशनच्या आधी आणि नंतर तेच राहिलंय, त्यामुळे "मॅक्लॉस्की, डी." लिहिलं की पहिल्या पेपरपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत एकच माणूस सलग दिसतो. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत तर सूचीत सगळ्यांचीच आद्याक्षरं असतात, तिथे अडचण येते ती आद्याक्षर बदललं असेल तरच, आणि मग नवं आद्याक्षर टाकायचं.

आपल्या मराठी सूच्यांची गोष्ट वेगळी. आपण आडनाव, मग पूर्ण नाव, कधी कधी वडिलांचं नावही लिहितो. मग एकाच लेखकाचं आद्याक्षर आणि बाकी सगळ्यांची पूर्ण नावं असं केलंत तर ते एकच नाव डोळ्यात खुपतं आणि वाचणारा विचार करतोच की इथे काय आहे. करायचं तर सगळ्या सूचीत सारखं करा. आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, ते तर स्वतःहून कधीच भरू नका, बऱ्याच ट्रान्स व्यक्तींनी ते मुद्दाम सोडलेलं असतं.

गाईड म्हणतात की स्टाइल मॅन्युअलमध्ये जे आहे तेच करा.

तर मग मॅन्युअलच दाखवा. एमएलए हँडबुक हे संदर्भ कसे द्यायचे ते सांगणारं पुस्तक, त्याच्या नवव्या आवृत्तीत, २०२१ च्या, हे स्पष्ट आहे की लेखक पूर्वीचं नाव वापरत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल तर पुस्तकावर काहीही छापलेलं असो, ते वापरतात त्या नावाखालीच नोंद करा, नाव बदलल्याची माहिती देऊ नका, क्रॉस रेफरन्स देऊ नका आणि मजकुरातही जुनं नाव टाळा. भाषा-साहित्याच्या विभागांत एमएलए चालतंच, त्यामुळे गाईडशी वाद घालायची वेळ येऊ नये. सर किंवा मॅडमना पान उघडून दाखवा, बहुतेकांना हे माहीत नसतं एवढंच असतं.

झोटेरो (संदर्भसूची बनवून देणारं सॉफ्टवेअर) आपोआप जुनं नाव आणतं. काय करू?

हे रोज होतं. परवाच एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, तिच्या सूचीत एकाच संशोधकाचे सहा लेख होते, चार एका नावाखाली आणि दोन दुसऱ्या, वर्णानुक्रमामुळे मध्ये बाकीच्यांच्या नोंदी येऊन ते दोन वेगळे लेखक वाटत होते. झोटेरोत प्रत्येक नोंदीवर क्लिक केलं की उजवीकडे लेखकाच्या नावाचा रकाना दिसतो, तिथे हाताने बदललं, सहाही नोंदी एकाखाली एक आल्या, मग वर्डमध्ये जाऊन रिफ्रेश केलं तर मजकुरातलेही सगळे बदलले. चहा थंड व्हायच्या आत झालं. पण रिफ्रेश केल्यावरसुद्धा वर्डमध्ये जुनं नाव टाकून एकदा फाइंड मारा, कारण तळटिपेत हाताने टाइप केलेलं राहून जातं, तिच्याही दोन जागी राहिलं होतं. पीडीएफच्या फाइलचं नाव पण बघा, ती फाइल तुम्ही पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असता.

गूगल स्कॉलरवरून "Cite" बटण दाबून उचललेली नोंद किंवा सीनियरकडून आलेली बिबटेकची, म्हणजे संदर्भांच्या नोंदी साठवलेली, फाइल, दोन्ही डोळे झाकून वापरू नका. त्या फाइली वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात, मधे प्रकाशकाने नाव सुधारलं तरी त्यांच्यात जुनंच बसलेलं असतं. प्रकाशकाच्या पानावर जाऊन ताजी नोंद घ्या.

म्हणजे प्रकाशक छापून झालेल्या पेपरवरचं नाव बदलतात?

हो, आता बरेच बदलतात, आणि हे आपोआप झालेलं नाही, ट्रान्स संशोधकांनी भांडून मिळवलंय. कॉम्प्युटरवाल्यांची एसीएम ही संघटना यात अगदी सुरुवातीच्यांपैकी, त्यांनी २०१९ मध्ये धोरण केलं. तिथे टेस टॅनेनबॉम या संशोधिकेने खूप पाठपुरावा केला, २०२० मध्ये त्यांनी नेचरमध्येही प्रकाशकांना उद्देशून लिहिलं. जानेवारी २०२१ मध्ये प्रकाशनातली नीतिमत्ता बघणाऱ्या कोप या संस्थेने त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सतराही राष्ट्रीय प्रयोगशाळांनी मोठ्या प्रकाशकांबरोबर मिळून आपल्या लोकांसाठी ही सोय केली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नाव बदललं तरी वर "शुद्धिपत्र" छापत नाहीत. छापलं तर सगळ्या खटाटोपाला अर्थच राहत नाही. गुपचूप पीडीएफ आणि नोंद बदलायची, सहलेखकांची परवानगी मागायची नाही, कायदेशीर कागद मागायचे नाहीत, असा आग्रह या लोकांनी धरला आणि बऱ्याच धोरणांत तो आला. पण दुसऱ्यांच्या संदर्भसूचीत जे छापलं गेलंय ते प्रकाशक सहसा जाऊन बदलत बसत नाहीत. तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम सुरू होतं.

सरकारी कागदांवर नाव बदललंय का ते बघायला नको?

नको. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केलाय, २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे. हे सगळं पासपोर्ट, मार्कशीट, बँक यांच्यासाठी. संदर्भ देताना आपण कोणाचं आधार कार्ड बघतो का? टोपणनावाने लिहिणाऱ्याचं तर कधीच बघितलं नाही.

मराठीत लिहिताना ते की त्या? क्रियापदात अडकतो.

खरी अडचण इथे आहे, आणि इंग्रजी गाईडलाइनमध्ये याचं उत्तर सापडत नाही. व्यक्ती स्वतःसाठी जे वापरते ते वापरायचं हा नियम, आणि जुन्या कामाबद्दल बोलतानाही आजचंच. "तेव्हा ते पुरुष होते म्हणून तेव्हापुरतं 'ते' लिहू" असं करू नका, कॉनवे १९६५ मध्येही "त्या"च.

माहीत नसेल तर मराठी स्वतःच वाट काढून देते. "नाईक यांनी असा मुद्दा मांडलाय", "त्यांच्या मते", "नाईक यांचं म्हणणं असं", यात लेखकाचं लिंग कुठेच येत नाही, कारण "यांनी" आलं की क्रियापद मुद्द्याप्रमाणे चालतं. प्रबंधाची भाषा तशीही अशीच असते. लेखक-लेखिका, प्राध्यापक-प्राध्यापिका यांच्याऐवजी नुसतं डॉ. लिहा किंवा काहीच नको. बोलताना मात्र लक्ष ठेवा, कारण सेमिनारमध्ये आपण सवयीने अमुकबाब, तमुकबाय म्हणून मोकळे होतो. सूत्रसंचालन करणार असाल तर पाहुण्यांना आधी विचारून घ्या, स्टेजवर चढल्यावर नाही.

जुन्या उताऱ्यातच किंवा पुस्तकाच्या शीर्षकातच जुनं नाव आहे.

उतारा असेल तर तेवढा भाग गाळून स्वतःच्या शब्दांत लिहा, किंवा चौकटी कंसात आजचं नाव घाला, अवतरणात बदल दाखवायची ती नेहमीचीच पद्धत. शीर्षकात असेल तर आधी बघा की त्या पुस्तकाशिवाय भागतंय का. नसेल भागत तर शीर्षक बदलता येत नाही, पण ते फक्त सूचीत एकदा येऊ दे, मजकुरात लहान रूप वापरा.

लेखक हयात नसतील तर?

जाताना जे नाव वापरत होते ते. घरच्यांनी श्रद्धांजलीत दुसरंच छापलं असेल तरीही.

माझा प्रबंध सबमिट झालाय आणि त्यात जुनं नाव गेलंय.

अपलोड व्हायच्या आधी लक्षात आलं तर विद्यापीठाच्या लायब्ररीला लगेच गाठा, सॉफ्ट कॉपी बदलता येते का विचारा. अपलोड झाला असेल तरी गाईडच्या सहीने लेखी विनंती करून बघा. नाहीच झालं तर पुढच्या पेपरात, पुस्तक करताना, नीट करा, आणि त्या व्यक्तीशी ओळख असेल तर एकदा सॉरी म्हणा. लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, मग उलट तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागतं.

मी स्वतः ट्रान्स आहे, माझे दोन पेपर जुन्या नावाने आलेत. मी काय करू?

आधी ऑर्किड काढा किंवा असेल तर त्यात नाव बदला. तो सोळा आकडी नंबर फुकट मिळतो आणि नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, म्हणून जुनी-नवी कामं एकाच पानावर येतात. "इतर नावं"चा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो, आणि जुनं नाव तिथे ठेवायचंच असेल तर फक्त स्वतःला दिसेल असं सेटिंग आहे. मग दोन्ही जर्नलच्या साइटवर नाव बदलण्याचं धोरण शोधा, मोठ्या प्रकाशकांकडे त्यासाठी वेगळा फॉर्म किंवा ईमेल असतो. आपल्याकडच्या छोट्या नियतकालिकांकडे असं काही नसतं, तिथे संपादकांना थेट लिहा, शुद्धिपत्र नको हे पहिल्याच ओळीत सांगा आणि मोठ्या प्रकाशकांची धोरणं जोडा म्हणजे त्यांनाही आधार मिळतो. स्कोपस या संशोधनलेखांच्या डेटाबेसवर प्रोफाइल दोन झाली असतील तर ती एकत्र करायची विनंती तिथूनच करता येते.

प्रमोशनच्या फाइलला जुने पेपर लावायचे असतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं पत्र लागू शकतं. ते बंद पाकिटात, ज्या एका अधिकाऱ्याला बघायचं आहे त्याच्याच नावाने द्या आणि पोच घ्या, सगळ्या समितीच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ते जाऊ देऊ नका. मेलचा मसुदा करून हवा असेल तर तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, आमच्याकडे आलात तर मी बसून करून देईन.